गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे: घरची तयारी आणि नंतरची विश्रांती

गोदाकाठची

माझे वय ४६ असून मी नाशिकला राहते आणि शाळेत शिकवते. गेली तीन वर्षे अंगावरून इतके जात होते की महिन्यातले आठ-नऊ दिवस वर्गात उभे राहणेही नकोसे होई. सोनोग्राफीत सात सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ आणि ॲडिनोमायोसिस (गर्भाशयाचे अस्तर त्याच्या स्नायूत वाढणे) असल्याचे निष्पन्न झाले. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या झाल्या, संप्रेरकांच्या गोळ्या झाल्या, मिरेनाही (गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी) बसवून पाहिली, परंतु ती दुसऱ्याच महिन्यात रक्तस्रावाबरोबर बाहेर पडली. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांचे मत घेतल्यानंतर आता दुर्बिणीतून गर्भाशय, गर्भाशयमुख आणि बीजवाहिन्या काढायच्या आणि अंडाशये तशीच ठेवायची, असे ठरले आहे. हिमोग्लोबिन ८.१ आल्यामुळे आधी शिरेतून लोह देऊन ते वाढवतील आणि साधारण चार आठवड्यांनी शस्त्रक्रिया होईल.

शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. मला विचारायचे आहे ते घराविषयी. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि शौचालय भारतीय पद्धतीचे आहे. सासूबाई ८० वर्षांच्या आहेत, मुलगा बारावीत आहे आणि यजमान सातपूरच्या कारखान्यात पाळीने जातात. डॉक्टरांनी 'सहा आठवडे जड उचलायचे नाही' एवढे एका वाक्यात सांगितले. ते वाक्य आमच्या घरात प्रत्यक्षात कसे आणायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांनी सांगावे.

केळफूल

ताई, माझी शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी पोट उघडून झाली होती, त्यामुळे माझा काळ तुमच्यापेक्षा लांबला. तरीही घराची मांडणी दोन्ही प्रकारांत सारखीच लागते, म्हणून सविस्तर लिहिते.

'जड' या शब्दाचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा होतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. डॉक्टरांच्या बोलण्यात जड म्हणजे साधारण चार-पाच किलोंच्या वरचे काहीही. आपल्या डोक्यात जड म्हणजे सिलिंडर. आंघोळीची भरलेली बादली पंधरा किलोंच्या आसपास जाते, ती मात्र आपण जड धरतच नाही. पिळलेल्या ओल्या चादरी, पाच लिटरचा वरण-भाताने भरलेला कुकर, दळणाचा डबा, पिण्याच्या पाण्याचा हंडा, गादीखाली चादर खोचताना उचललेला गादीचा कोपरा, हे सगळे त्या मर्यादेपाशी किंवा तिच्या पलीकडे असते. मी शस्त्रक्रियेपूर्वी यजमानांना आणि मुलीला स्वयंपाकघरात उभे करून वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून दाखवली होती. त्या वेळी ते हसले. नंतर मात्र न सांगता बादली उचलू लागले.

शौचालयाचा प्रश्न आजच सोडवा. उकिडवे बसताना आणि विशेषतः उठताना पोटावर आणि ओटीपोटाच्या तळाशी जो ताण येतो, तो पहिले काही आठवडे टाळायला हवा. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची वैद्यकीय सामानाच्या दुकानात भाड्याने मिळते. ती चार दिवस आधी आणून तिच्यावर बसून पाहा, कारण आमच्या शौचालयाचे दार त्या खुर्चीमुळे लागेना आणि ते आम्हांला रुग्णालयातून परत आल्यावर कळले.

झोपायला खाट हवी, तीही फार खाली नको. खाटेवरून सरळ उठून बसायचे नाही. आधी कुशीवर वळायचे, पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटा देत अंग वर आणायचे. हे आतापासून रोज करून सवय लावून घ्या, कारण पहिल्या रात्री गुंगीत असताना शिकवलेले काही आठवत नाही. जवळ एक घट्ट उशी ठेवा. खोकला, शिंक किंवा हसू आले की ती पोटावर दाबून धरायची. घरी येताना गाडीतही ती हवीच, कारण आपल्याकडचे गतिरोधक त्या एका प्रवासात मोजता येतात.

एक चूक मात्र माझी सांगते. अकराव्या दिवशी मला थंडी वाजून ताप आला आणि मी पावसाळी हवेवर खापर फोडून दोन दिवस तापाच्या गोळ्या घेत राहिले. प्रत्यक्षात योनीच्या आतल्या टोकाला जिथे टाके असतात तिथे पू झाला होता आणि मला पुन्हा तीन दिवस दाखल व्हावे लागले. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा तासाभरात एक पॅड भिजू लागला, तर घरी वाट पाहू नये. लघवीला होतच नसेल, किंवा उलट लघवीची भावना नसतानाही पाण्यासारखे सतत गळत असेल, तर तेही त्याच दिवशी कळवावे. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर फोन करत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

भूल_निवृत्त

मी भूलतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. तुमच्या डॉक्टरांचे सांगणे शेवटचे मानावे. मी फक्त अशा गोष्टी लिहितो ज्या रुग्ण आम्हांला सांगायला विसरतात किंवा सांगायला लाजतात.

पहिली गोष्ट म्हणजे मिश्री. आपल्याकडे पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी स्त्रिया रोज मिश्री लावतात आणि 'तंबाखू खाता का' असे विचारले की प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री हे दात घासणे असते. तंबाखूमुळे जखम भरून यायला वेळ लागतो, म्हणून ही सवय मोकळेपणाने सांगावी आणि शक्य तितक्या लवकर थांबवावी. दुसरी गोष्ट म्हणजे काढे, भस्मे आणि 'नैसर्गिक' म्हणून घेतलेल्या गोळ्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चौकशी आम्ही करतोच, पण या गोष्टी यादीत येत नाहीत. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून तपासणीला न्याव्यात. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या की नाहीत, मधुमेहाच्या कोणत्या थांबवायच्या, हे औषधाच्या नावानिशी लिहून घ्यावे.

उपाशी राहण्याविषयी नेहमी गैरसमज होतो. घन आहार साधारण सहा तास आधी बंद करायचा असतो आणि साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात मोजू नये, तो आहारात धरतात. 'फक्त कपभर चहा घेतला' एवढ्या कारणासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकललेली मी अनेकदा पाहिली आहे. घरी स्वतः केस काढू नयेत, कारण वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून संसर्ग होऊ शकतो. आवश्यक असल्यास रुग्णालयात यंत्राने कापतात. नखांना रंग नको आणि हातांवर गडद मेंदीही नको, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यातून रक्तातील प्राणवायू मोजताना तिचा अडथळा होऊ शकतो.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आणि नथ काढावी लागते. विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करताना अंगावरील धातूमुळे भाजण्याचा धोका संभवतो, हे त्याचे कारण आहे. काही घरांत या गोष्टीवरून शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी रडारड होते. ती टाळण्यासाठी आदल्या रात्री घरीच, आपल्या माणसाच्या हाती सर्व काढून द्यावे.

शेवटी एक शंका, जी मला लग्नाच्या पंगतीतही विचारली जात असे. पाठीत दिलेल्या भुलेच्या सुईमुळे जन्मभर पाठ दुखत नाही. काहींना बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी पहिल्या काही दिवसांत होते. ती मात्र कळवावी, तिच्यावर उपाय असतात.

दोन_कप_चहा

मी पुरुष आहे, तरी लिहितो, कारण चूक माझ्या हातून झाली. पत्नीची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी आली. पोटावर चार लहान पट्ट्या होत्या. पाचव्या दिवशी तिने केस विंचरून साडी नेसली आणि मी मनाशी म्हणालो, चला, संपले. त्याच संध्याकाळी नातेवाईक भेटायला आले, सात जण. मी त्यांच्याशी गप्पा मारत बसलो आणि ती चहाला उठली. वरच्या फडताळातले कप काढताना हात उंचावला, मग खाली वाकून दुधाचे पातेले काढले. रात्री लालभडक रक्त गेले. सुदैवाने आतले टाके शाबूत होते, पण डॉक्टरांनी मला जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. बाहेरून चार टिकल्या दिसत असल्या तरी आत जेवढे कापले आणि शिवले आहे ते पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकेच आहे.

यजमानांसाठी सूचना एवढीच आहे की भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था तुम्ही करायची. आम्ही नंतर दारातच सांगू लागलो की चहा मी करतो आणि वीस मिनिटांनी ती झोपेल. दोन-तीन जण रुसले.

लेस्टरची_खिडकी

इंग्लंडमधील अनुभव थोडक्यात सांगते. सरकारी रुग्णालयातून मला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवले. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर टोचायच्या सुया बरोबर दिल्या होत्या, त्या मी काही दिवस रोज स्वतःच घेतल्या. मदतीला कोणी नव्हते, म्हणून आधीच्या दोन आठवड्यांत पिठले, आमटी आणि उसळी एकेका वाटीच्या मापाने शीतपेटीत गोठवून ठेवल्या होत्या. चारचाकी चालवायला तेव्हाच सुरुवात करा, असे सांगितले होते, जेव्हा अचानक जोरात ब्रेक दाबताना पोट दुखणार नाही. मला साडेचार आठवडे लागले. आई फोनवर रडत असे की माझ्याजवळ माणूस नाही. वरच्या प्रतिसादातले सात पाहुणे वाचल्यावर वाटते की माणूस नव्हता म्हणूनच मी झोपू शकले.

फिजिओ_करवीर

कोल्हापूरला भौतिकोपचाराचे काम करते. मला रोज दोन टोकांच्या रुग्णा भेटतात. एक महिनाभर खाटेवरून न उतरलेली असते आणि दुसरी दहाव्या दिवशी दळण आणून आलेली. विश्रांती म्हणजे पडून राहणे नव्हे. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळपासून किंवा दुसऱ्या सकाळपासून आधार घेऊन उठायचे आणि चालायचे असते, कारण पडून राहिल्याने पायांतील शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साचतो आणि आतडी सुस्त राहतात. घरातल्या घरात पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या दिवसातून पाच-सहा वेळा माराव्यात आणि दर दोन-तीन दिवसांनी थोड्या वाढवाव्यात. खाटेवर असताना तासातासाने पावले वरखाली हलवावीत. खोल श्वास घेऊन हळू सोडावा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) जो त्रास होतो त्याची कळ मज्जातंतूंमार्गे खांद्यात जाणवते. खांदा दुखू लागला की बायका हृदयाच्या भीतीने घाबरतात. ही कळ साधारण दोन-तीन दिवसांत जाते आणि चालल्याने कमी होते. छातीत दडपण किंवा धाप असेल तर मात्र गॅस समजून घरी बसू नये.

लघवीची नळी निघाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करावा. लघवी किंवा वारा रोखताना जे स्नायू आपण आवळतो तेच श्वास न कोंडता आवळून, पाच अंक मोजून, सैल सोडायचे. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी लघवी थांबवून पाहिली तर हरकत नाही, पण रोजचा व्यायाम लघवी करताना करू नये. जिन्यावर एकेक पायरी, कठड्याचा आधार घेऊन, दिवसातून एकदाच, असे पहिल्या आठवड्याचे धोरण ठेवावे. सूर्यनमस्कार, नौकासन आणि मांडी घालून लांबलचक पूजेला बसणे यांची घाई नको.

पोटपट्ट्याविषयी नेहमी विचारतात. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर चालताना त्याने आधार वाटतो, म्हणून काही दिवस वापरावा. दिवसरात्र आवळून बांधल्याने पोट आत जाते ही समजूत आहे.

हळदीकुंकू

सगळ्यांनी चांगलेच लिहिले आहे, पण खाण्यापिण्याचे कोणीच बोलले नाही. आमच्याकडे टाके ओले असेपर्यंत भात, वांगे आणि आंबट देत नाहीत, टाके पिकतात म्हणून. भाकरीचा पापुद्रा आणि मुगाचे वरण द्यावे.

केळफूल

हळदीकुंकू, मुगाच्या वरणाबद्दल दुमत नाही. भाताचे मात्र मी माझ्या डॉक्टरांना विचारले होते. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने, अनियंत्रित मधुमेहाने किंवा अशक्तपणाने, भाताने नव्हे. उलट जखम भरायला प्रथिने लागतात आणि आपल्या पथ्यात नेमकी तीच कापली जातात. डाळी, दही, पनीर, अंडी आणि चालत असल्यास मासे भरपूर खावेत.

खरा प्रश्न बद्धकोष्ठाचा आहे. भूल, वेदनाशामके आणि लोहाच्या गोळ्या हे तिन्ही आतड्यांना सुस्त करतात, आणि त्यात बाई टाके तुटण्याच्या भीतीने जोर करत नाही. मी चौथ्या दिवशी अक्षरशः रडले. शौच मऊ करणारे औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून मागावे आणि इसबगोल घेतल्यास बरोबर भरपूर पाणी प्यावे. डिंकाचे लाडू कौतुकाने येतात. ते चौथ्या दिवशी नव्हे, चौथ्या आठवड्यात खावेत.

कोयत्याची_लेक

मी बीड जिल्ह्यातली आहे आणि आता पुण्यात नोकरी करते. धागाकर्तीने शस्त्रक्रियेविषयी विचारलेले नाही हे मान्य करूनही इथे लिहिते, कारण हा धागा उद्या आणखी कोणी वाचेल.

माझी आई बत्तिसाव्या वर्षी या शस्त्रक्रियेतून गेली. पांढरे जाणे आणि पोटदुखी एवढीच तिची तक्रार होती. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात 'पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल' असे सांगून आठवड्याच्या आत पिशवी काढली. अंडाशयेही काढली, हे आम्हांला दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) अंगावर होती, मजुरीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरला जातो आणि गैरहजर राहिले की खाडा कापला जातो, म्हणून ती पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून उसाच्या मोळ्या डोक्यावर घेत होती. तिला सहा आठवडे कोणी सांगितलेच नव्हते. पस्तिशीच्या आत तिला अंगातून वाफा येऊ लागल्या आणि पन्नाशीच्या आधी किरकोळ घसरण्याने मनगट मोडले. वैद्यकीय भाषेत याला शस्त्रक्रियेने आलेली रजोनिवृत्ती म्हणतात, हे मी नंतर वाचले. अंडाशये काढल्यास इस्ट्रोजेन एकदम थांबते आणि लहान वयात ते थांबले तर हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्यावर संप्रेरक उपचार असतात, पण त्यासाठी अंडाशये काढली आहेत हे निदान रुग्णाला माहीत असावे लागते.

२०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या या शस्त्रक्रियांच्या बातम्या गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती नेमली गेली आणि बीडमध्ये पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्यास राज्यांना सांगितले.

म्हणून माझी विनंती कागदांविषयी आहे. डिस्चार्जच्या कागदावर काय काय काढले ते अवयवांच्या नावानिशी लिहिलेले आहे का, ते घरी निघण्यापूर्वी वाचा. काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचा अहवाल काही दिवसांनी येतो, तो आठवणीने आणा आणि कायमचा जपून ठेवा. गर्भाशयमुख ठेवले असेल तर त्याच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणी पुढेही करावी लागते. पूर्ण काढले असेल आणि आधी कधी दोष आढळला नसेल, तर सहसा लागत नाही. हे सगळे त्या एका कागदावरून ठरते.

गोदाकाठची

ताई, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना वाचून दाखवला. आमच्या डॉक्टरांनी अंडाशये का ठेवत आहेत हे समजावून सांगितले होते आणि मी ते ऐकून सोडून दिले होते. आज त्याचे मोल कळले. विम्याचेही तपासले. आमच्या पॉलिसीत या शस्त्रक्रियेला २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे आणि तो सुदैवाने संपला आहे. बऱ्याच पॉलिसींत असे कलम असते, तेव्हा तारीख ठरवण्यापूर्वी इतरांनीही पाहावे.

नाव_नको

एक अवघड प्रश्न विचारते. पतीपत्नीचे संबंध कधी सुरू करावेत? डॉक्टरांपुढे सासूबाई बसलेल्या असल्याने विचारता आले नाही.

केळफूल

निदान सहा आठवडे नाहीत, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच डॉक्टर आठ ते बारा आठवडे थांबायला सांगतात. योनीच्या आतल्या टोकाचे टाके उसवू शकतात, हे त्याचे कारण आहे. दिवस मोजून नव्हे, डॉक्टरांनी आतून तपासून होकार दिल्यावरच. तोपर्यंत टॅम्पॉन नको आणि पोहणेही नको. तपासणीला एकट्या आत जा, किंवा डॉक्टरांना चिठ्ठी द्या. मी चिठ्ठीच दिली होती.

गोदाकाठची

आज शस्त्रक्रियेला नऊ दिवस झाले. दोन वेळा शिरेतून लोह दिल्यावर हिमोग्लोबिन १०.९ पर्यंत आले होते. तिसऱ्या दिवशी घरी आले. दोन जिने चढायला अकरा मिनिटे लागली आणि मधल्या मजल्यावरच्या काकूंनी आधीच खुर्ची बाहेर काढून ठेवली होती. खांदा दुखला तेव्हा या धाग्याची आठवण झाली आणि घाबरले नाही. शौच मऊ करणारे औषध पहिल्या दिवसापासून घेतले. तपकिरी स्राव थोडा थोडा आहे, तो काही आठवडे राहील असे सांगितले आहे. सध्या दुपारी दोन तास गाढ झोपते, तरी संध्याकाळी अंगातला जीव गेल्यासारखे वाटते. हे अपेक्षित आहे का?

लेस्टरची_खिडकी

पूर्णपणे अपेक्षित आहे. मला तर तिसऱ्या आठवड्यात कारण नसताना रडूही येत असे. आठवडाभरात ओसरले. ते लांबले आणि कशातच मन लागेनासे झाले तर मात्र डॉक्टरांना सांगा.

गोदाकाठची

आज सातवा आठवडा सुरू आहे. काल तपासणी झाली. आतले टाके भरले आहेत आणि अहवालात काही वावगे नाही. पुढच्या सोमवारपासून शाळा सुरू करते आहे. मुख्याध्यापिकांनी वर्गात खुर्ची दिली आहे आणि वह्यांचे गठ्ठे मुले उचलतील. दुचाकी आणखी दोन आठवडे नाही, कारण ती स्टँडवर चढवताना जोर लागतो.

घराविषयी विचारले होते, म्हणून जे घडले ते सांगते. वजनकाटा, खुर्ची, याद्या, सर्व केले, तरी दुसऱ्या आठवड्यात सगळे ढिले पडू लागले. मी चालते-फिरते आहे असे दिसल्यावर मुलगा 'आई, डबा' म्हणू लागला आणि मीही उठू लागले. तेव्हा सासूबाईंनी, ज्यांची मला सर्वांत अधिक धास्ती होती त्यांनी, जेवताना एक वाक्य टाकले. "बाळंतिणीला सव्वा महिना उठू देत नाहीत, मग जिथे बाळ राहते ती जागाच काढली तिला किती दिवस द्याल?" सहा आठवडे हे डॉक्टरांचे माप आमच्या घरात कोणाच्या कानात शिरत नव्हते. सव्वा महिना म्हटल्यावर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. यजमानांनी पाळी बदलून घेतली, नणंदबाई दहा दिवस येऊन राहिल्या, मुलगा कुकर लावायला शिकला. भेटायला येणाऱ्यांना सासूबाई दारातच 'सव्वा महिन्याने या' म्हणू लागल्या आणि आश्चर्य म्हणजे कोणी रुसले नाही. तिसऱ्या आठवड्यात मलाही रडू आले. तेव्हा त्यांनी काही न विचारता माझ्या डोक्याला तेल लावले.

बाळंतिणीसारखी शेक-शेगडी आणि कानाला फडके मात्र त्यांनी सुचवले नाही. सुचवले असते तर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नसती.

नाव_नको

माझी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. मीही नाशिकचीच आहे. कमोडची खुर्ची कुठून घेतलीत ते कळवाल का?

गोदाकाठची

भाडे आणि किंमत यांत फारसा फरक नसल्याने आम्ही ती विकतच घेतली होती. आता लागत नाही, तेव्हा घेऊन जा. खाली आणायला यजमान येतील. फक्त येण्यापूर्वी तुमच्या शौचालयाच्या दाराची रुंदी मोजून आणा.